चरबीच्या पेशीची इन्सुलिनची पेशी झाली, हे ओळखायचे कसे?

घणसोलीहून एका वडिलांनी विचारले आहे की, त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीला सातव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे आणि ठाण्यातील एका केंद्राने तिच्यासाठी एक उपचार सुचवला आहे. पोटावरची थोडी चरबी काढायची, तिच्यातील पेशींचे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींत रूपांतर करायचे आणि त्या शिरेतून परत द्यायच्या. तीन बैठका, ४ लाख ८० हजार रुपये, त्यांपैकी २५ हजार येत्या शनिवारपर्यंत आगाऊ. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे शरीर त्या नाकारणार नाही, असे तेथील समुपदेशकांनी सांगितले, चीनमधील एका तरुणीचे इन्सुलिन बंद झाल्याची बातमी मोबाइलवर दाखवली आणि ‘खारघरला पेशी बदलून कर्करोगावर उपचार होतातच की’ असेही वर ऐकवले. वडिलांचा प्रश्न असा आहे की, पेशींचे असे रूपांतर खरोखर होते का, आणि होत असेल तर थांबायचे कशासाठी?

मी डॉक्टर नाही. गेली २२ वर्षे मी पेशी वाढवण्याचे, म्हणजे सेल कल्चरचे काम करतो. राहायला ठाण्यात आणि नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील निरनिराळ्या प्रयोगशाळांत, असे माझे आयुष्य ट्रान्स-हार्बरच्या डब्यात गेले आहे. त्यामुळे मुलीच्या इन्सुलिनच्या मात्रेविषयी मी एक शब्दही बोलणार नाही. पेशींविषयी मात्र बोलू शकतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, रूपांतर होते’ असेच आहे. परंतु तुम्हाला खरी गरज आहे ती वेगळ्या प्रश्नाच्या उत्तराची: समोरच्या माणसाने ‘रूपांतर झाले’ असे सांगितले, तर ते झाले आहे हे कोणत्या पुराव्यावरून मान्य करायचे?

आधी रूपांतराविषयी. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. स्वादुपिंडातील बीटा पेशीत इन्सुलिनचे जनुक उघडे असते आणि चरबीच्या पेशीत तेच जनुक रासायनिक खुणा लावून, घट्ट गुंडाळून ठेवलेले असते. माळशेजच्या माथ्यावर पडणारा पाऊस डोळ्यांसमोर आणा. एक थेंब काळू नदीला मिळून उल्हासच्या खोऱ्यात उतरतो, हातभर पलीकडे पडलेला कुकडीमार्गे भीमेकडे जातो, आणि एकदा उतरलेले पाणी आपण होऊन घाट चढत नाही. गर्भातील पेशींचेही तसेच आहे, आणि १९५७ साली कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी उतारावरून दऱ्यांत घरंगळणाऱ्या गोट्याचे जे चित्र मांडले, त्याचा अर्थही हाच.

हे पाणी उलटे नेता येते, हे १९६२ साली जॉन गर्डन यांनी दाखवले. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक त्यांनी केंद्रक नसलेल्या अंड्यात घातले आणि त्यातून पुन्हा पिल्ले वाढवली. १९८७ साली हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या गटाने ‘मायोडी’ या एकाच जनुकाच्या बळावर उंदराच्या साध्या तंतुपेशींना स्नायूंच्या मार्गाला लावले. २००६ साली क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २४ संशयित जनुकांतून चार निवडून काढली आणि त्यांच्या साहाय्याने उंदराच्या तंतुपेशींना थेट गर्भावस्थेसारख्या, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशींच्या स्थितीत नेले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींत ते साधले आणि २०१२ चे नोबेल गर्डन व यामानाका यांना विभागून मिळाले.

तेव्हापासून या क्षेत्रात दोन वाटा आहेत. यामानाकांची वाट पाणी उपसून पुन्हा घाटमाथ्यावर नेण्याची आहे. तिथून ते हव्या त्या खोऱ्यात सोडता येते आणि माथ्यावर असताना पेशी कितीही वाढवता येतात, पण त्यांतील चार-दोन तशाच माथ्यावर राहून रुग्णाच्या शरीरात गेल्या, तर त्यांची गाठ होण्याचा धोका असतो. दुसरी वाट कोयनेची म्हणता येईल. पूर्वेला जाणारे पाणी डोंगरातून बोगदा काढून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले, तसे एका पेशीला माथ्यावर न नेता थेट दुसऱ्या प्रकारात आणायचे. २००८ साली हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने जिवंत उंदराच्या स्वादुपिंडातच पाचकरस बनवणाऱ्या पेशींना तीन जनुके देऊन बीटा पेशींसारख्या पेशी तयार केल्या, तो याच वाटेचा प्रयोग. (मेल्टन यांच्या स्वतःच्या दोन मुलांना टाइप १ मधुमेह आहे; ते आधी बेडकाच्या गर्भावर काम करत आणि मुलाच्या आजारानंतर या विषयाकडे वळले.) थेट वाटेची अडचण संख्येची आहे, कारण रूपांतरित पेशी सहसा विभाजित होत नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये एमआयटीतील एका गटाने उंदराच्या एका त्वचापेशीमागे दहाहून अधिक चेतापेशी मिळवून दाखवल्या, त्या रूपांतरापूर्वी पेशींना वेगाने विभाजित व्हायला लावून. मानवी पेशींत मात्र त्याच पद्धतीचे यश १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान राहिले.

म्हणजे केंद्रातील समुपदेशक विज्ञानाच्या नावाने काही अशक्य सांगत नव्हते. आता मी स्वतः कसा फसलो, ते सांगतो.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी महापे एमआयडीसीतील एका प्रयोगशाळेत आम्ही नेमके हेच करत होतो: चरबीतून काढलेल्या पेशी घ्यायच्या, तीन-चार आठवडे निरनिराळी रसायने घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात, ठेवायच्या आणि त्या इन्सुलिन बनवू लागतात का ते पाहायचे. तिसऱ्या आठवड्यात पेशी प्लेटचा तळ सोडून एकत्र आल्या आणि भिजवलेल्या साबुदाण्याच्या कणीसारखे त्यांचे गोळे झाले. खऱ्या स्वादुपिंडात बीटा पेशी अशाच बेटांच्या रूपात असतात, त्यामुळे आमचा उत्साह वाढला. मग इन्सुलिनला चिकटणारी चकाकणारी प्रतिद्रव्ये लावली, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि गोळेच्या गोळे हिरवे चमकत होते. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले गेले.

त्याच आठवड्यात आमच्या सल्लागार बाई आल्या. निवृत्त प्राध्यापिका, ठाणे पूर्वेला राहणाऱ्या, मोजकेच बोलणाऱ्या. त्यांनी छायाचित्रे बाजूला सारली आणि विचारले, ‘‘तुमच्या मीडियममध्ये काय काय आहे?’’ यादी वाचताना मीच अडखळलो, कारण त्यात इन्सुलिन होते. पेशी जगाव्यात म्हणून बहुतेक मीडियममध्ये ते घातलेलेच असते. आमच्या पेशींनी इन्सुलिन तयार केलेले नव्हते. स्पंजाने पाणी शोषावे तसे त्यांनी ते बाहेरून शोषले होते आणि आम्ही तेच रंगवून पाहत होतो. २००३ साली मेल्टन यांच्याच गटाने ही फसगत छापून प्रसिद्ध केली होती आणि, सांगायला संकोच वाटतो, आमच्यातील दोघांनी तो लेख वाचलेलाही होता.

बाईंनी मग सी-पेप्टाइड मोजायला सांगितले. हा शब्द तुमच्या घरात नक्की परिचयाचा असेल, कारण निदानाच्या वेळी मुलीची ही तपासणी बहुधा झाली असेल. बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाचा एक लांब रेणू बनवते आणि नंतर तो कापते. त्यातून एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड असे दोन तुकडे बरोबरीने निघतात. बाटलीतील, पेनमधील किंवा आमच्या मीडियममधील तयार इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड नसते. म्हणून सी-पेप्टाइड सापडले तर ते इन्सुलिन तिथेच तयार झाले, आणि सापडले नाही तर ते उसने. तपासणीच्या प्लेटवर ज्ञात नमुन्यांचे खळगे गडद पिवळ्यापासून फिक्या पिवळ्यापर्यंत ओळीने रंगले होते आणि त्यांच्या शेजारचे आमचे बारा खळगे नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ होते. पुढे पेशी इन्सुलिन नसलेल्या मीडियममध्ये ठेवल्या, तेव्हा हिरवी चमकही आठवडाभरात गेली. साखर कमी-जास्त करून पाहिली. खरी बीटा पेशी साखर वाढली की इन्सुलिन अधिक सोडते, आमच्या पेशींना त्याचे सोयरसुतक नव्हते. प्रकल्प बंद झाला.

ही नवशिक्यांची चूक म्हणून सोडून देता येत नाही. २०२० साली दोन नामवंत गटांनी जाहीर केले की, उंदराच्या मेंदूतील ‘पीटीबीपी१’ हे एकच प्रथिन कमी केले, तर आधार देणाऱ्या पेशींच्या चेतापेशी होतात. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये केवढी आशा निर्माण झाली असेल, याची कल्पना करा. पुढच्याच वर्षी टेक्सासमधील एका गटाने मूळ आधारपेशींवर कायमची जनुकीय खूण करून ठेवली आणि मग तोच प्रयोग केला. चकाकणाऱ्या चेतापेशींवर ती खूण नव्हती; त्या आधीपासूनच तिथे असलेल्या चेतापेशी होत्या आणि रंग चुकून त्यांच्यात शिरला होता. रूपांतराच्या दाव्याला म्हणूनच दोन वेगळे पुरावे लागतात: ही पेशी आधी कोण होती, आणि आता तिचे काम ती स्वतः करते का.

या कसोटीवर चीनची बातमी घासून पाहू, कारण ती बातमी खरी आहे. बीजिंगचे डंग होंगक्वेइ यांच्या गटाने एका २५ वर्षांच्या तरुणीच्या चरबीतील पेशी घेतल्या, जनुके न घालता केवळ रसायनांनी त्यांना मूलपेशींच्या स्थितीत नेले, तिथून बीटा पेशींची बेटे तयार केली आणि ती पोटाच्या स्नायूवरील आवरणाखाली बसवली. ७५ दिवसांनी तिचे इन्सुलिन बंद झाले आणि वर्षभर बंदच राहिले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. चरबीपासून इन्सुलिन, म्हणजे ऐकायला अगदी तुमच्या केंद्रासारखेच. फरक मात्र तपशिलात आहे. रसायनांनी मूलपेशी करणे, त्या वाढवणे, त्यांतून टप्प्याटप्प्याने बेटे घडवणे आणि प्राण्यांत त्यांची सुरक्षितता तपासणे, यांतील प्रत्येक पायरीला आठवडे किंवा महिने लागतात. दुसरे म्हणजे त्या तरुणीचे यकृत प्रत्यारोपण आधीच झालेले होते आणि त्यासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतच होती.

या दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबायला हवे. ‘स्वतःच्या पेशी शरीर नाकारत नाही’ हे भाजलेल्या त्वचेला किंवा गुडघ्याच्या कूर्चेला लागू पडेल. टाइप १ मधुमेहात मात्र शरीराने आपल्याच बीटा पेशी परक्या समजून नष्ट केलेल्या असतात. तो तर मूळ आजार आहे. तुमच्या मुलीच्या पेशींपासून उद्या अगदी निर्दोष बीटा पेशी कोणी करून दिल्या, तरी तिची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर पुन्हा हल्ला करील असेच धरून चालावे लागते. चीनच्या रुग्णेत तो हल्ला झाला नाही, की औषधांनी दबला, हे त्या एका उदाहरणावरून ठरवता येत नाही.

अधिक रुग्णांवरची माहिती अमेरिकेतील व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीतून आली आहे. तेथे मानवी गर्भ-मूलपेशींपासून बेटे तयार करून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून देतात. एका मात्रेत सुमारे ८० कोटी पेशी. २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचे इन्सुलिन एका वर्षानंतर बंद झालेले होते. पेशी देण्यापूर्वी त्यांच्या रक्तात न सापडणारे सी-पेप्टाइड नंतर सापडू लागले. बाईंनी आमच्याकडे मागितलेला पुरावा तो हाच. पण हे सर्व जण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होते आणि चाचणीच्या काळात दोन मृत्यू झाले, त्यांपैकी एक मेंदूच्या आवरणाच्या बुरशीजन्य संसर्गाने. निवडलेले रुग्ण प्रौढ होते आणि शुगर एकदम लो झाल्याचे ज्यांना जाणवतच नाही, असे होते. अशा माणसाला रात्रीच्या झोपेतच जिवाचा धोका असतो आणि त्याच्यासाठी औषधांचा धोका पत्करणे समजण्यासारखे आहे. १३ वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या, सेन्सर आणि पेन यांवर बऱ्यापैकी सांभाळलेल्या मुलीसाठी तोच हिशेब वेगळा निघतो.

या औषधांपासून सुटका करण्याचा प्रयत्नही सुरू आहे. स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत जनुकीय बदल करून प्रतिकारशक्तीपासून लपवलेल्या बेटांतील पेशी बसवल्या गेल्या आणि औषधांशिवाय त्या जगल्या व सी-पेप्टाइड देऊ लागल्या; हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये छापून आले. त्या पेशी दात्याच्या होत्या, रूपांतरित नव्हत्या, आणि मात्रा मुद्दाम थोडी ठेवल्यामुळे त्या गृहस्थांचे इन्सुलिन चालूच आहे. तरीही मला स्वतःला सर्वांत मोठी आशा या दिशेला वाटते.

आता तुमच्या केंद्राकडे. त्यांना पहिला प्रश्न असा विचारा की, चरबी काढल्यापासून पेशी परत देईपर्यंत किती दिवस जातात? उत्तर ‘त्याच दिवशी’ किंवा ‘दोन-तीन तासांत’ असे आले, तर पुढे काही विचारण्याची गरज नाही, कारण तेवढ्या वेळात चरबी विकराने (एन्झाइमने) विरघळवून त्यातील पेशी धुऊन वेगळ्या करता येतात, इतकेच. रूपांतर कोणत्याही वाटेने करा, ते तासांत होत नाही. शिवाय शिरेतून दिलेल्या अशा पेशी बहुतांशी फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. स्वादुपिंडापर्यंत जाण्याचा पत्ता त्यांना कोणी दिलेला नसतो. उत्तर ‘सहा आठवडे’ असे आले, तर त्या पेशींच्या सी-पेप्टाइडचा, त्या साखरेला प्रतिसाद देतात याचा आणि त्यांत जंतू नसल्याचा अहवाल तुमच्याच मुलीच्या बॅचचा मागा. नमुना म्हणून दाखवलेला जुना अहवाल चालणार नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एखादी बॅच बुरशीपायी फेकून द्यावी लागली नाही असे वर्ष आठवत नाही. त्यामुळे आमची एकही बॅच कधी वाया गेली नाही, असे कोणी म्हणाले तर मला शंका येते.

तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) उतरल्याचा कागद दाखवतील, त्यावर विसंबू नका. पाच लाख खर्च केलेले घर पथ्य आणि मात्रा दोन्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळते, त्यानेच एचबीए१सी उतरते.

खारघरचे उदाहरण खरे आहे, पण इथे लागू नाही. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रासह आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या नेक्सकार१९ या उपचारात रुग्णाच्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, कर्करोगाची पेशी ओळखणारा नवा ग्राहक रेणू (रिसेप्टर) दिला जातो. टी पेशी टी पेशीच राहते; तिचा प्रकार बदलत नाही. चाचण्या पूर्ण करून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची मान्यता मिळाली. तुमच्या केंद्राकडे तशी मान्यता आहे का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम ठरावीक आजारांतील रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडता मूलपेशींचा कोणताही वापर नेहमीचा उपचार म्हणून करता येत नाही. तो नोंदणीकृत चाचणीतच करावा लागतो आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही तपासता येते. ४ लाख ८० हजारांची मागणी आणि ‘आमची चाचणी चालू आहे’ हे विधान एकाच टेबलावर टिकत नाही.

परिस्थितीनुसार काय बदलू शकते, तेही सांगतो. मुलगी प्रौढ झाल्यावर तिला शुगर लो झाल्याची जाणीवच होईनाशी झाली, किंवा दुसऱ्या एखाद्या कारणासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावीच लागली, तर तिच्या डॉक्टरांशी बेटांच्या प्रत्यारोपणाविषयी जरूर बोला. तेव्हा माझे आजचे उत्तर लागू राहणार नाही. तोवर निदानापासूनचे सी-पेप्टाइडचे जेवढे अहवाल असतील, तेवढे एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवा. काहींमध्ये थोड्या बीटा पेशी वर्षानुवर्षे शिल्लक राहतात, आणि पुढे कोणत्याही उपचाराचा विचार करताना ही सुरुवातीची रेघ उपयोगी पडते.

धाकट्या मुलाच्या नाळेचे रक्त साठवले आहे, ते हिला वापरता येईल का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. त्या रक्तातील मूलपेशी रक्तपेशी बनवतात, आणि भावंडाच्या रक्ताच्या काही आजारांत त्या खरोखर कामी येतात, मधुमेहासाठी नाही.

शनिवारचे पंचवीस हजार भरण्याआधी केंद्राला एवढेच तीन प्रश्न ई-मेलने पाठवा: पेशी बाहेर किती दिवस असतील, सी-पेप्टाइडचा अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा असेल आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक काय. फोनवर समजावून सांगतो म्हणाले, तर लेखीच हवे असे कळवा. लेखी उत्तर आलेच, तर नावे झाकून इथे टाका. त्यात मीडियमची यादी असेल, तर मी ती सर्वांत आधी वाचेन.